डिक्शनरी उघडल्यावर नेमकं काय पाहायचं? इंग्रजी शब्द वाढवणाऱ्या नवख्यांसाठी

इंग्रजी शब्दांची वही बऱ्याच घरांत सापडते. पानाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. पहिली काही पानं सुवाच्य, पुढची घाईत लिहिलेली, मग कोरी. वही शेवटपर्यंत भरणाऱ्यांचीही तक्रार एकच असते: अर्थ पाठ आहे, पण बोलताना शब्द सुचत नाही आणि सुचला तर भलत्याच जागी बसतो. यात स्मरणशक्तीचा दोष नाही. शब्द वापरायला जी माहिती लागते, ती उजव्या रकान्यात कधी उतरवलेलीच नसते. शब्द कोणाच्या सोबतीने येतो, वाक्यात कुठे बसतो, उच्चारताना जोर कुठे पडतो, हे सगळं डिक्शनरीत छापलेलं असतं. आपण अर्थ तेवढा उचलतो आणि डिक्शनरी मिटतो.

इंग्रजी बातमी अडखळत का होईना वाचता येते, हातात साधा अँड्रॉइड फोन आहे आणि क्लासला पैसे घालायचे नाहीत, अशा वाचकासाठी हे लिहितो आहे. यातल्या जवळजवळ सगळ्या गोष्टी फुकट आहेत.

आधी ठरवा, कुठले शब्द शिकायचे

भेटेल तो शब्द टिपून घेणं ही पहिली चूक. न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांनी 2006 मध्ये मांडलेला हिशोब असा: इंग्रजी वर्तमानपत्र किंवा कादंबरी कोणाच्या मदतीशिवाय वाचायला 8,000 ते 9,000 शब्दकुटुंबं लागतात. हेल्प, हेल्पर, हेल्पफुल, हेल्पलेस मिळून एक कुटुंब. आकडा ऐकून छातीत धस्स होतं, पण सगळ्यात जास्त वापरातली पहिली 2,000 कुटुंबंच साध्या मजकुराचा सुमारे 80 टक्के भाग व्यापतात. म्हणून क्रम महत्त्वाचा. ती 2,000 पक्की नसताना दुर्मीळ शब्दांच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

हा क्रम आयता मिळतो. ऑक्सफर्डची 3,000 शब्दांची यादी त्यांच्या लर्नर्स डिक्शनरीच्या साइटवर फुकट आहे. त्यात प्रत्येक शब्दापुढे ए-1, ए-2, बी-1 किंवा बी-2 अशी पायरी दिलेली असते, ए-1 सगळ्यात सोपी. त्यापुढच्या 2,000 शब्दांची वाढीव यादी सी-1 पर्यंत जाते. लाँगमनच्या डिक्शनरीत शब्दाशेजारी टिकल्या असतात. तीन टिकल्या म्हणजे रोजचा शब्द, एक टिकली म्हणजे त्या मानाने कमी वापरातला, आणि टिकलीच नसेल तर अर्थ समजून घेऊन पुढे गेलात तरी चालेल.

माझा नियम साधा आहे. शब्द या यादीत असेल तर घ्यायचा. यादीत नसेल पण तुमच्या वाचनात दुसऱ्यांदा आडवा आला, तरी घ्यायचा. नर्सिंग, शेअर बाजार, कायदा, ज्याचं जे क्षेत्र त्यातले शब्द यादीत नसले तरी पुन्हा पुन्हा येतात. ते या दुसऱ्या नियमात आपोआप बसतात. बाकीचे सोडून द्या. ‘आजचा शब्द’ पाठवणारी ॲप्स मात्र खुशाल बंद करा. तिथे येणारे शब्द बहुधा एखाद्या इंग्रजालाही वर्षातून एकदा लागतात.

डिक्शनरी कुठली?

इंग्रजी–इंग्रजी डिक्शनऱ्यांचे दोन प्रकार आहेत, आणि हे शाळेत सहसा कोणी सांगत नाही. एक प्रकार ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे त्यांच्यासाठी, दुसरा इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी. पहिल्या प्रकारात शब्दाचा अर्थ त्याहून अवघड शब्दांत सांगितलेला असू शकतो, कारण वाचणाऱ्याला बाकीची भाषा येतेच असं गृहीत धरलेलं असतं. आपल्याला हवी ती दुसरी, म्हणजे लर्नर्स डिक्शनरी.

हा प्रकार रुजवला ए. एस. हॉर्नबी या शिक्षकाने. तो जपानमध्ये इंग्रजी शिकवत होता. परकी मुलं कुठे अडतात हे रोज वर्गात दिसत होतं, आणि त्यातून त्याने सहकाऱ्यांसोबत केलेला कोश 1942 मध्ये टोकियोत, ऐन महायुद्धात, छापला गेला. ऑक्सफर्डने तो 1948 मध्ये काढला. आजची ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी ती हीच. म्हणजे ही डिक्शनरी मुळात आपल्यासारख्यांसाठीच लिहिलेली आहे. लाँगमनने 1978 मध्ये आणखी एक सोय केली: सगळे अर्थ सुमारे 2,000 सोप्या शब्दांतच सांगायचे. ‘अर्थ पाहिला तर त्यातही तीन शब्द अडले’ ही तक्रार असलेल्यांनी लाँगमन घ्यावी. कॉलिन्सची 1987 ची कोबिल्ड डिक्शनरी तर अर्थच पूर्ण वाक्यात सांगते, त्यामुळे अर्थ वाचता वाचता वापरही कळतो.

या तिन्ही आणि केंब्रिज, चारही ऑनलाइन फुकट पाहता येतात. एकच निवडा आणि काही महिने तिलाच धरून राहा, म्हणजे तिच्या खुणा डोळ्यांना सवयीच्या होतात. छापील हवी असेल तर पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर जुनी प्रत शोधा. दहा वर्षांपूर्वीची आवृत्ती शिकणाऱ्याला पुरून उरते.

मग इंग्रजी–मराठी कोश फेकून द्यायचा का? मुळीच नाही. वस्तू, झाडं, प्राणी, अवजारं यांच्यासाठी मराठी अर्थाला तोड नाही. ‘हिंज’चा इंग्रजीतला अर्थ दोन ओळी वाचूनही चित्र नीट उभं राहत नाही, बिजागरी म्हटलं की झालं. किंगफिशर म्हणजे खंड्या, नटमेग म्हणजे जायफळ, विषय संपला. केंब्रिजच्या साइटवर इंग्रजी–मराठी विभाग आहे. सरकारी पत्रव्यवहारातले शब्द हवे असतील तर राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन शोधता येतात. मोल्सवर्थचा कोश शिकागो विद्यापीठाच्या साइटवर सापडतो आणि तो चाळण्यात संध्याकाळ छान जाते, पण तो मराठी–इंग्रजी आहे आणि त्याची दुसरी आवृत्ती 1857 ची. त्यातलं इंग्रजी उचलून आज नोकरीच्या अर्जात घातलंत तर वाचणारा गोंधळेल.

मराठी अर्थ तोकडा पडतो तो क्रियापदं, विशेषणं आणि अमूर्त नामांपाशी. शिकायच्या यादीतले बरेचसे शब्द नेमके याच वर्गातले.

एक शब्द पूर्ण उघडून पाहू

कंडक्ट घेऊ. एसटीच्या कंडक्टरमुळे तो आपल्या कानावरचा आहे. समजा बातमीत वाक्य आलं: ‘द युनिव्हर्सिटी विल कंडक्ट द एक्झाम इन मे.’ शब्दकोशात एकटा कंडक्ट पाहिला आणि पहिलाच अर्थ ‘वर्तन’ मिळाला, तर विद्यापीठ मे महिन्यात परीक्षेचं वर्तन करणार, असं काहीतरी हाती येतं. आता लर्नर्स डिक्शनरी उघडा आणि या क्रमाने पाहा.

सगळ्यात आधी शब्दाची जात. कंडक्ट दोन ठिकाणी मिळेल, एकदा क्रियापद म्हणून आणि एकदा नाम म्हणून. आपल्या वाक्यात ‘विल’नंतर आला आहे, म्हणजे क्रियापद. नामाची नोंद बाजूला ठेवा. एवढ्या एका तपासणीने अर्थाचे निम्मे घोळ मिटतात, आणि नेमकी हीच पायरी बहुतेक जण गाळतात.

मग उच्चार. क्रियापद असताना जोर दुसऱ्या भागावर, कन्-डक्ट. नाम असताना पहिल्यावर, कॉन्-डक्ट. स्पेलिंग तेच. रेकॉर्ड, प्रेझेंट, ऑब्जेक्ट यांचंही असंच आहे.

मग अर्थांची यादी. क्रियापदाखाली चार-पाच अर्थ दिसतील: एखादी गोष्ट आयोजित करून पार पाडणं, वाद्यवृंदाचं संचालन करणं, उष्णता किंवा वीज वाहून नेणं, लोकांना बरोबर घेऊन जागा दाखवणं. सगळे वाचा, पण टिपून घ्या तुमच्या वाक्यात बसणारा एकच. तांब्याच्या तारेतून वीज वाहण्याचा अर्थ विज्ञानाच्या पुस्तकात भेटेल तेव्हा घेता येईल. एका बैठकीत पाच अर्थ गिळले की एकही पचत नाही.

आता सोबत. माझ्या मते नोंदीतला सर्वात मोलाचा भाग हाच. कंडक्टच्या नोंदीत सर्व्हे, इंटरव्ह्यू, एक्स्पेरिमेंट, इन्क्वायरी हे शब्द उदाहरणांत दिसतात, काही ठिकाणी ठळक टाइपात. कंडक्ट अ सर्व्हे हा जोड एका दमात लक्षात ठेवायचा. मराठीत आपण पाहणी ‘करतो’, परीक्षा ‘घेतो’, चौकशी ‘लावतो’. इंग्रजीत या तिन्ही ठिकाणी कंडक्ट चालतो. हे मराठी अर्थावरून कधीच समजलं नसतं. अशा जोड्यांचा वेगळा शोध घ्यायचा असेल तर ऑक्सफर्डची कोलोकेशन्स डिक्शनरी आहे. ‘स्केल’ नावाची एक फुकट साइटही आहे. तिच्यात शब्द टाकला की त्याच्या आसपास सर्वाधिक येणारे शब्द यादीने मिळतात.

शेवटी गोतावळा. कंडक्टर, मिसकंडक्ट, आणि नामाच्या नोंदीत कोड ऑफ कंडक्ट. निवडणुका लागल्या की टीव्हीवर जी आचारसंहिता ऐकू येते, ती हीच. नामापुढे ‘अनकाउंटेबल’ अशी खूण असेल, म्हणजे ‘अ कंडक्ट’ किंवा अनेकवचनी ‘कंडक्ट्स’ असं नाम होत नाही.

ही व्याकरणाची खूण मराठी माणसाने तरी कधी सोडू नये. ‘मला एक पुस्तक सुचव’ हे वाक्य डोक्यात तयार असतं म्हणून तोंडून ‘सजेस्ट मी अ बुक’ निघतं. डिक्शनरीत सजेस्टपुढे रचना दिलेली असते: सजेस्ट समथिंग टू समबडी. एक्सप्लेनचंही तसंच, ‘एक्सप्लेन मी’ नाही, ‘एक्सप्लेन इट टू मी’. डिस्कसपुढे अबाउट नसतो. इन्फर्मेशन, फर्निचर, इक्विपमेंट, ॲडव्हाइस या चौघांपुढे अनकाउंटेबलची खूण आहे, तरी ऑफिसच्या मेलमध्ये त्यांना शेवटी ‘एस’ लावलेला रोज दिसतो. हे शब्द कोणाला अवघड वाटत नाहीत, म्हणूनच कोणी ते डिक्शनरीत पाहत नाही. महिन्यातून एखादा तास मुद्दाम अशा ओळखीच्या शब्दांच्या नोंदी पाहण्यात घालवा: मेक, डू, टेल, से, लेंड, बॉरो. सगळा खजिना तिथे आहे.

शब्द सापडला नाही तर? मूळ रूप शोधा. ‘सॉट’ अडला तर सीकच्या नोंदीत जावं लागतं. ऑनलाइन डिक्शनरी बहुधा स्वतःच तिकडे नेते, छापील नेत नाही. आणि वाक्यातला प्रत्येक शब्द ओळखीचा असूनही अर्थ लागत नसेल, तर समजा की दोन शब्दांनी मिळून वेगळाच अर्थ धरला आहे. ‘द गव्हर्नमेंट टर्न्ड डाउन द प्रपोजल’ यात वळणं नाही आणि खालीही काही नाही. प्रस्ताव फेटाळला आहे. अशा वेळी टर्न डाउन हे दोन्ही शब्द एकत्र टाकून शोधा.

कान आणि जीभ

उच्चार पाहायला लिप्यंतरावर अवलंबून राहू नका, स्पीकरच्या चिन्हावर बोट ठेवा. ब्रिटिश आणि अमेरिकन असे दोन आवाज मिळतात. एक ठरवून घ्या. उच्चाराच्या सगळ्या खुणा शिकायची गरज नाही, दोन पुरतात. एक, वरच्या बाजूची छोटी उभी रेघ: ती ज्या भागाआधी येते त्यावर जोर. डेव्हलप, कमिटी, हॉटेल या तिन्हींत जोर दुसऱ्या भागावर आहे, आपण सर्रास पहिल्यावर देतो. दुसरी, उलटा छोटा ‘ई’: तिथे स्वर जेमतेम उच्चारायचा. व्ही आणि डब्ल्यू हे दोन्ही आपल्याकडे ‘व’वर भागतात, त्यामुळे व्हेस्ट आणि वेस्ट मुद्दाम लागोपाठ ऐका.

खऱ्या बोलण्यात शब्द कसा येतो हे ऐकायचं असेल तर ‘यूग्लिश’ वापरा. शब्द टाकला की यूट्यूबवरच्या व्हिडिओंतले तो शब्द असलेले तुकडे एकामागून एक वाजतात.

फोनमधली हत्यारं

वाचताना शब्दावर बोट दाबून धरलं की अर्थ दाखवण्याची सोय बहुतेक ब्राउझर आणि ई-बुक ॲप्समध्ये असते. वाचनाची लय मोडू नये म्हणून ती उत्तम, पण तिथल्या अर्थावर शब्द ‘शिकलो’ असं मानू नका. किंडल यंत्रात पाहिलेले शब्द त्यांच्या मूळ वाक्यासकट आपोआप साठतात; ही फार गुणी सोय आहे आणि बऱ्याच जणांना तिचा पत्ताच नसतो.

औषधाची चिठ्ठी, यंत्राचं माहितीपत्रक, बँकेची नोटीस अशा छापील कागदासाठी गूगल लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यातून मजकूर वाचून भाषांतर दाखवणारी सोय. भाषांतराच्या ॲपमध्ये एकटा शब्द कधी टाकू नका, पूर्ण वाक्य टाका. ‘इंटरेस्ट’ म्हणजे व्याज की रस, हे ॲपला वाक्यावरूनच ठरवता येतं. आणि एक सवय लावून घ्या: आधी स्वतः अंदाज करा, मग बटण दाबा. चुकला तरी चालेल. अंदाज चुकल्यावर सापडलेला अर्थ जास्त टिकतो.

इंग्रजी सर्चमध्ये शब्दापुढे ‘मीनिंग’ टाकल्यावर वर येणारी गूगलची चौकट घाईच्या वेळी ठीक आहे. तिच्यामागचा मजकूर ऑक्सफर्डचाच असतो, पण तो लर्नर्स डिक्शनरीतला नव्हे, त्यामुळे रचनेच्या खुणा आणि पायऱ्या तिथे मिळत नाहीत.

आणखी एक भानगड. प्रीपोन, किंवा पदवी घेतल्याच्या अर्थाने पास आउट, हे शब्द काही डिक्शनऱ्यांत ‘इंडियन इंग्लिश’ अशा शिक्क्यानिशी येतात. ते चूक नाहीत. नागपूरच्या ऑफिसात बिनधास्त वापरा. लंडनच्या माणसाला ‘आय पास्ड आउट इन 2019’ लिहिलंत तर मात्र तो तुमच्या तब्येतीची चौकशी करेल, कारण तिकडे पास आउट म्हणजे बेशुद्ध पडणं.

विसरण्याआधी उजळणी

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस याने 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं पहिल्या काही तासांत आणि दिवसांत झपाट्याने पुसलं जातं, पुढे तो वेग मंदावतो. म्हणून उजळणीची अंतरं वाढती हवीत: उद्या, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. हा हिशोब ठेवायला अँकी हे मोफत सॉफ्टवेअर आहे. संगणकावर आणि ब्राउझरमध्ये फुकट, अँड्रॉइडवर ‘अँकीड्रॉइड’ नावाने फुकट. आयफोनच्या ॲपला मात्र पैसे पडतात. मिळत्याजुळत्या नावांची नकली ॲप्सही आहेत, तेव्हा उतरवून घेताना नाव नीट वाचा.

कार्ड कसं बनवायचं यावर सगळं अवलंबून आहे. एका बाजूला कंडक्ट, दुसऱ्या बाजूला ‘आयोजित करणे’ असं कार्ड केलंत तर ती जुनी वहीच फोनमध्ये आली. त्याऐवजी पुढच्या बाजूला वाक्य लिहा आणि शब्दाची जागा रिकामी ठेवा: ‘दे आर गोइंग टू … अ सर्व्हे ऑफ फार्मर्स इन लातूर’, सोबत मराठीत छोटा इशारा, ‘(पाहणी) करणे’. मागच्या बाजूला पूर्ण वाक्य आणि उच्चाराचा आवाज. वाक्य डिक्शनरीतलं किंवा जिथे शब्द भेटला तिथलंच घ्या, नावं-गावं बदलून आपली करा. इतरांनी बनवलेले हजारो शब्दांचे आयते संच नवख्याने टाळावेत. कार्ड बनवतानाच निम्मं शिकणं होतं.

अँकीत नवीन कार्डांचा रोजचा आकडा मुळात 20 असतो. सेटिंगमध्ये जाऊन तो लगेच पाच-सहावर आणा. वीस नवीन कार्डं पहिल्या आठवड्यात सोपी वाटतात, पण जुन्यांची उजळणी साचत जाते आणि महिन्याभरात रोज शंभराच्या पुढे कार्डं समोर येतात. बहुतेक जण अँकी सोडतात ते इथेच. दुसरी गोष्ट बटणांची. उत्तर आठवलंच नाही तर ‘अगेन’ दाबायचं. ‘हार्ड’चा अर्थ कष्टाने का होईना पण आठवलं. संकोचाने हार्ड दाबत राहिलात तर ॲपचा हिशोब बिघडतो. वारंवार विसरल्या जाणाऱ्या कार्डावर अँकी स्वतःच ‘लीच’, म्हणजे जळू, अशी खूण करतं. ते खोडून टाका आणि त्या शब्दाचं नवीन वाक्य करा.

फोन नको असेल तर पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या आणि पाच कप्प्यांचा खोका चालतो. आठवलेली चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, विसरलेली परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज, पुढचे वाढत्या अंतराने. जर्मनीच्या सेबास्टियन लाइटनर याने 1970 च्या दशकात ही पद्धत लोकप्रिय केली आणि तिला चार्जिंग लागत नाही.

चॅटबॉटला काय विचारावं

शब्दाचा अर्थ विचारायला चॅटबॉट लागत नाही, त्यासाठी डिक्शनरी आहे. त्याचा खरा उपयोग तुमची वाक्यं तपासण्यात. शिकलेला शब्द घालून स्वतःच्या आयुष्यातली तीन वाक्यं लिहा, शाळेतली पालकसभा, सोसायटीतलं पाणी, गावची जत्रा, काहीही. आणि मराठीतच सांगा: ‘या वाक्यांत हा शब्द नैसर्गिक वाटतो का? नसेल तर इंग्रज माणूस काय म्हणेल आणि का?’ उत्तरात रचनेबद्दल काही सांगितलं असेल तर ते डिक्शनरीत पडताळून पाहा, कारण चॅटबॉट चुकीची गोष्टही तितक्याच आत्मविश्वासाने सांगतो. शब्दांच्या व्युत्पत्तीच्या रंजक कथांवर तर मुळीच विसंबू नका. वाक्यं तुमच्यासाठी लिहून द्यायला सांगितलीत तर सराव त्याचा होईल.

दिवस चुकले तर

परीक्षा, लग्नसराई, गणपती. आठ-दहा दिवस अँकी उघडलं जात नाही आणि मग दोनशे कार्डं वाट पाहत असतात. सगळी एका दिवसात संपवायला जाऊ नका. नवीन कार्डं शून्यावर आणा, रोज तीस-चाळीस जुनी करा, साठा उतरला की पुन्हा पाच नवीन सुरू करा. त्या काळात वाचन मात्र थांबवू नका. रोजची एक बातमी वाचत राहिलात तर राहिलेल्यांपैकी कितीतरी शब्द वाचनातच पुन्हा भेटतात, आणि त्यांची कार्डं एका झटक्यात ‘इझी’ दाबून पुढे ढकलता येतात.